जीपच्या टपावरची पताका

गुरुवारी आणि रविवारी सकाळी नऊ वाजले की खापरीच्या माळावर पाय ठेवायला जागा उरत नसे. मानोऱ्याच्या आसपासच्या तांड्यांवरून लोक येत, जऊळक्याहून येत, तिकडे पार रिठदहूनही येत. फाट्यावर उतरायचं, पाच किलोमीटर उन्हातून चालायचं आणि मग टेकडी चढायची. वर देऊळ नव्हतं, झाडही नव्हतं. उघड्या खडकावर एक पांढरी चादर, चादरीवर हाकबाबा, आणि त्याच्यापुढे लाल फडक्यानं तोंड बांधलेला तांब्याचा घडा. त्या घड्यातून मेलेली माणसं बोलायची.

कोणी कोणाकडून ऐकलेली ही गोष्ट नव्हती. दोन-अडीचशे माणसं एकाच वेळी आपल्या कानांनी ऐकत. बाबा आधी घड्याला कान लावून डोळे मिटायचा. मग गर्दीकडे न बघताच विचारायचा, जऊळक्याचे भागवत आले का, ज्यांचे वडील विहिरीत गेले? आणि गर्दीत कुठंतरी एक माणूस उठून उभा राहायचा. त्याचं नाव बाबाला कोणी सांगितलेलं नसायचं. त्यानंतर घडा बोलू लागे आणि माळावर वाऱ्याशिवाय कशाचाच आवाज उरत नसे.

बाबाची जीभ मोठी चालू होती. अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी. “मोबाइल काढा बेटा,” तो म्हणायचा, “पाहा किती काड्या हायेत. एक बी नाई. टॉवर इथं हात टेकते. पण वरचं नेटवर्क कधी जात नाई. ना सिम, ना रिचार्ज. आत्मा डायरेक्ट.” लोक हसत. पण हसता हसता मोबाइल काढून बघत, आणि काडी एकही नसे. मग हसू आपोआप मावळायचं.

त्या गुरुवारी गर्दीत किसनसिंग राठोड बसला होता. फौजेत सतरा वर्षं सिग्नलमध्ये काढलेला माणूस. आता मानोऱ्याच्या बस स्टँडजवळ त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. बाबा-बुवांच्या वाटेला तो कधी गेला नव्हता. आला होता तो थोरल्या बहिणीसाठी. बेबीबाई दोन वेळा एकटी येऊन गेली होती आणि या खेपेला भावाला सोबत नेल्याशिवाय ती ऐकेना.

बेबीबाईची रुचिका पौषात गेली. एकोणीस वर्षांची पोर. ऊसतोडीच्या अड्ड्यावर चार दिवस तापानं फणफणली, आणि दवाखान्यात नेता नेता ट्रॉलीतच गेली. आई तेव्हा दूरच्या फडात ऊस तोडत होती. तिला निरोप पोचला तोवर सगळं संपलं होतं. शेवटचं काय बोलली, कोणाला हाक मारली, हे बेबीबाई ट्रॉलीवरच्या एकेका बाईला विचारत फिरली. कोणालाच नीट आठवेना.

बाबानं घड्याला कान लावला. “तांड्याची बेबीबाई,” तो म्हणाला. “पुढं ये माय. पोरगी वाट पाहून राह्यली.”

बेबीबाई घड्यापुढे जाऊन बसली. आणि आतून एका तरुण मुलीचा आवाज आला.

“याडी. याडी, मी हाव. रुचिका.”

याडी म्हणजे आई. बंजारा घरातली हाक. किसनसिंगच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरीही सवयीनं त्याची नजर घड्याखाली गेली. वायर कुठेच नव्हती. वायरलेस असेल, असं मनात येतंय न येतंय तोच आवाज पुन्हा आला.

“मामा बी आला काय? मामा, तू मले दुकानात ठेवून घेतलं असतं तं मी गेली नसती.”

दिवाळीच्या आधी रुचिका एकटीच त्याच्या दुकानात आली होती. मला उसाला जायचं नाही मामा, मला वायरिंग शिकव, इथंच ठेवून घे, म्हणाली होती. तो कामात होता. पुढच्या वर्षी पाहू, एवढंच बोलला होता. दुकानात तेव्हा तिसरं माणूस नव्हतं. ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. रुचिका गेल्यापासून ती त्याच्या छातीत दगडासारखी बसून होती.

घडा बोलतच होता. “याडी, मले आता ताप नाई. पण तू ते सुई घेते ना, ते मले इथं टोचते. सुई सोड याडी. बाबाचा अंगारा घे.” मग बारीकसं खर्र झालं आणि सगळं शांत. “परतला जीव,” बाबा हलकेच म्हणाला, “हा त्याचा श्वास.”

बेबीबाईला साखरेचा आजार होता. सहा वर्षांपासून ती दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई घेत होती. त्या दिवसापासून तिनं ती बंद केली.

आणि किसनसिंगनं तिला अडवलं नाही, हे इथं सांगितलंच पाहिजे. तो दुकानात यायचा, बॅटरीला वायर जोडायचा, आणि मंद पिवळा पेटलेला दिवा हातात धरून तसाच बसून राहायचा. ज्या स्टुलावर रुचिका बसली होती ते त्यानं आधी मागच्या खोलीत नेलं, मग परत आणलं. भर दुपारी, रस्त्यावर ट्रॅक्टरांची घरघर चालू असताना, त्याला मागून ‘मामा’ ऐकू यायचं. वळून पाहिलं तर गिऱ्हाईक उभं असायचं. बर्फात बसून ज्यानं शेकडो वायरलेस सेट जोडले, खरखरीतून एकेक शब्द वेचून काढला, त्याला आता आपल्याच कानांची भीती वाटू लागली होती.

सहाव्या दिवशी तांड्याच्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका निता दुकानात आल्या. बेबीबाईच्या घरून सरळ इकडेच आल्या होत्या. सुईच्या बाटल्या माठाजवळ तशाच पडून आहेत, साखर चारशेच्या वर गेली आहे, बाईची जीभ कोरडी पडली आहे, बसल्या जागी तिला झापड येते, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. आणखी चार दिवस असेच गेले तर उचलूनच न्यावं लागेल, म्हणाल्या. घरात शिकलेला माणूस तुम्ही, तुम्ही काय करून राह्यले?

किसनसिंग खाली मान घालून म्हणाला, “रुचिकानं सांगतलं.”

बोलल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. पण निता हसल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं.

“कोणत्या भाषेत बोलली ती?”

किसनसिंगला प्रश्न कळेना. निता म्हणाल्या, “मी तुमच्या बहिणीले मराठीत विचारायची. रुचिका ते तिले तुमच्या बोलीत सांगायची. मायलेकी एकमेकींशी मराठीत बोलल्याचं मी कधी ऐकलं नाई. म्हणून विचारून राह्यली.”

किसनसिंगच्या हातातला पाना खाली ठेवला गेला. घरात सगळी गोरमाटी बोली चालायची. मराठी बाजारासाठी, शाळेसाठी. घड्यातली रुचिका ‘याडी’ एवढं एकच म्हणाली होती. पुढचं सगळं अस्सल वऱ्हाडीत. पोरगी मेल्यावर आपली बोली विसरली? आणि तिला हाक मारायचा तेवढा एकच शब्द आठवला?

पण मग दुकानातली गोष्ट? ती कोणाला कळली?

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला आणि तिला सरळ विचारलं. बेबीबाईनं जड झालेल्या पापण्या उघडल्या. रुचिका त्या दिवशी दुकानातून रडतच घरी आली होती, तिनं सगळं आईला सांगितलं होतं. मामाला बोलू नको, त्याला वाईट वाटेल, असंही म्हणाली होती. आणि तू कोणाला सांगितलंस, किसनसिंगनं विचारलं. फाट्यावरच्या सपनाला, ती म्हणाली. बाबाची शिष्या. फुकट चहा देते, पाठीवरून हात फिरवते, लई मायेनं विचारते.

पण हाती लागलेलं हे अर्धंच होतं. फाट्यापासून माळ पाच किलोमीटर. मोबाइल चालत नाही. चहा पिऊन चालत निघालेल्या माणसाच्या आधी त्याची गोष्ट वर कशी पोचते?

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. किसनसिंग टेकडी चढलाच नाही. नाल्यातून वाकून चालत तो माळाच्या मागच्या अंगाला गेला. तिथं पळसाच्या सावलीला बाबाची जीप उभी असायची. मोठ्या चाकांची, खाचखळग्यांतून जाणारी, काचांना आतून पडदे. बाबाचं सोवळं म्हणून जवळ कोणाला फिरकू देत नसत. तिच्या टपावरची भगवी पताका लोकांना वरून दिसायची आणि वरूनच ते हात जोडायचे. किसनसिंगनंही आधी ती पाहिली होती, पताका म्हणूनच.

आता तो वीस पावलांवर, नाल्याच्या उंच काठावर होता. वाऱ्याची झुळूक आली. पताकेची काठी पार वाकली आणि झटक्यात सरळ झाली. लाकूड असं वागत नाही, बांबूही नाही. बुडाशी स्प्रिंग असेल तरच असं होतं. त्यानं नीट पाहिलं. काळी, बारीक, हातभर लांब काठी. तिच्या बुडाशी पितळी नट, आणि नटाखाली ट्यूबच्या रबराची गोल कापलेली चकती.

ती चकती त्यानंच कापली होती.

दिवाळीच्या सुमाराला दौलतराव नावाचा एक माणूस ही जीप घेऊन त्याच्या दुकानात आला होता. बियाण्यांच्या कंपनीचं काम आहे, माणसं डोंगराळ रानात पसरलेली असतात, मोबाइल लागत नाही, वायरलेस बसवून द्या, म्हणाला. अँटेना पुढच्या बंपरवर लावा, दिसायला चांगली दिसते, असा त्याचा आग्रह होता. किसनसिंगनं ऐकलं नाही. बंपरवर लावली तर एका अंगाला आवाज जाईल आणि दुसऱ्या अंगाला मरेल, हे त्यानं समजावून सांगितलं. टपाच्या बरोबर मध्ये भोक पाडलं. टपाचा पत्रा हाच अँटेनाचा अर्धा भाग असतो, म्हणून भोकाच्या कडेचा रंग खरवडून पत्रा लख्ख केला, नटाला पक्कं अर्थिंग दिलं. झाडाची फांदी लागली तरी मोडू नये म्हणून बुडाला स्प्रिंग घातली. पाणी उतरू नये म्हणून रबराची चकती. केबल इंजिनाच्या वायरींपासून लांबून नेली, नाहीतर बोलताना इंजिनाची कुईकुई ऐकू येते. गाडीतला एक मोठा सेट आणि हातातले तीन, सगळे त्यानंच एका चॅनलवर लावून दिले. किती दिवसांनी कोणी असं काम सांगितलं होतं. निगुतीनं केलं होतं त्यानं.

त्यातलाच एक सेट फाट्यावर सपनाकडे असणार, आणि एक घड्यात. म्हणून तर घड्यातला आवाज इतका स्वच्छ होता. पोरगी शेजारी बसून बोलतेय इतका. ती स्वच्छता त्याच्या हाताची होती.

वरून, माळाच्या पलीकडून, लोकांच्या रडण्याचा एकदम लोट आला. कोणाचं तरी मेलेलं माणूस बोललं असावं. किसनसिंग नाल्याच्या तापलेल्या मातीवर बसला.

घरी जाऊन त्यानं बहिणीला सगळं सांगितलं. तिला पटलं नाही. ती डोळे मिटून पडली होती. तू तुझ्या वायरी पाहिल्यास, मी माझी पोर ऐकली, एवढंच म्हणाली. सुईला हात लावू देईना. रविवारी वर चल, मग तू म्हणशील तसं, अशी त्यानं तिला गळ घातली, तेव्हा कुठे ती कबूल झाली. निता तीन दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन साखर बघत राहिल्या. आकडा खाली आला नाही.

रविवारी किसनसिंगनं बेबीबाईला मोटारसायकलवर मागं बसवून फाट्यावर आणलं, आणि तसंच पुढे माळाच्या पायथ्यापर्यंत नेलं. निता थोड्या अंतरानं, ओळख न दाखवता, सपनाच्या चहाला गेल्या. सपनानं हात हातात घेतला, कुठून आल्या, कोण गेलं, सगळं विचारलं. नितांनी पदरानं डोळे पुसले आणि कारंज्याहून आले, धाकटा भाऊ शिवम धरणात बुडाला, असं सांगितलं. निता एकुलत्या एक. त्यांना भाऊ कधी नव्हताच.

दोन तासांनी माळावर बाबानं घड्याला कान लावला आणि विचारलं, “कारंज्याच्या निताताई कोण? भाऊ पाण्यात गेलेला?”

घडा बोलला. या वेळी आवाज पोराचा, घसा दाबून काढलेला. “ताई, मी शिवम. पाणी लई थंड होतं.” पुढे बसलेल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावू लागल्या.

निता उभ्या राहिल्या. आपल्याला भाऊ नाही आणि नव्हता, हे नाव आपण दोन तासांपूर्वी फाट्यावर बनवून सांगितलं, असं त्यांनी शांतपणे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. गर्दीत कुजबुज झाली. बाबा दोन्ही हात वर करून म्हणाला, “मागल्या जन्मीचा भाऊ, माय. तू विसरली, त्यानं याद ठेवली.” आणि खोटं वाटेल, पण अर्ध्या गर्दीनं मान डोलावली.

किसनसिंग सगळ्यांच्या मागं उभा होता. गमछाखाली त्याच्या हातात त्याचा स्वतःचा सेट होता. चॅनल त्याला पाठ होता, त्यानंच लावून दिलेला. जीपच्या सेटपेक्षा हा लहान होता, पण घड्यापासून जीप दूर होती आणि तो जवळ. त्यानं बटण दाबलं आणि तोंडाशी नेऊन सावकाश बोलला.

घडा बोलला, “मी किसनसिंग राठोड. राहणार मानोरा. मी मेलो नाई. मी इथंच मागं उभा हाव.”

अडीचशे माथी एकदम मागं वळली. त्यानं गमछा बाजूला केला, सेट उंच धरला, आणि सगळ्यांना दिसेल असं पुन्हा बटण दाबलं.

“बाई,” घड्यातून बहिणीला हाक आली, “फडकं सोड.”

बाबानं घडा मांडीत ओढला. पण बेबीबाई समोरच बसली होती. गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी सोडवली. आत कापसात गुंडाळलेला काळा सेट होता. वर एवढासा लाल दिवा. ती तो तळहातावर धरून नुसती पाहत राहिली. त्याच क्षणी खाली फाट्यावरून सपनानं घाबरून विचारलं, “दौलतभाऊ, वर काय चालू हाय?” आणि तो प्रश्न तिच्या तळहातातून सगळ्या माळानं ऐकला.

त्यानंतरची धावपळ सांगण्यासारखी नाही. बाबाला लोकांनी धरून ठेवलं. दौलतराव नाल्याकडे पळाला तो पुढे पोलिसांना सापडला. पण बेबीबाई यातलं काही बघत नव्हती. मला खाली ने, ती भावाला म्हणाली. कुठे, हे त्यानं विचारलं नाही.

जीपचं मागचं दार उघडलं तेव्हा आत एक मुलगी अंग चोरून बसली होती. हातात माइक, मांडीवर वही. वहीत त्या दिवशीची नावं, कोण कशानं गेलं, घरात काय म्हणून हाक मारायचे. तिचं नाव राखी. दंडार या लोकनाट्यात गाणी म्हणायची, तिथून दौलतरावानं आणली होती. वय रुचिकाएवढंच. आपण काही वाईट करतोय असं वाटलं नाही, लोकांना समाधान भेटते असं सांगितलं होतं, असं ती रडत म्हणाली.

“मले भेटलं होतं,” बेबीबाई म्हणाली.

मग ती जीपच्या पायरीला टेकून उभी राहिली. “एकदा म्हण. याडी म्हण.”

राखी माइककडे पाहू लागली. किसनसिंगनं तो तिच्या हातातून काढून घेतला. मुलीनं ओठ ओले केले आणि उघड्या उन्हात, घड्याशिवाय, फडक्याशिवाय, ती म्हणाली, “याडी.”

बेबीबाईनं डोळे मिटून ऐकलं.

“नाई,” ती म्हणाली. “अशी नाई म्हणायची ती.”

तिथंच ती भावाला आपल्या बोलीत म्हणाली, की घड्यातली पोर मराठीत बोलते हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळलं आणि तिनं ते मागं ढकललं. कोणीतरी याडी म्हणत होतं, तेवढ्यासाठी. आपणही ‘मामा’ ऐकून तेच केलं होतं, हे किसनसिंगला माहीत होतं.

नितांनी थर्मासात बर्फावर सुई आणली होती. पळसाच्या सावलीतच त्यांनी बेबीबाईला ती टोचली. लोक भोवती उभे होते, काही जण अजूनही दबकून, आता काय होतं ते बघत. बेबीबाईनं दंड चोळला. “मलेच टोचलं,” ती म्हणाली. “दुसऱ्या कोणाले नाई.” संध्याकाळी निता तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. पाच दिवसांनी ती चालत घरी आली.

बाबा, दौलतराव आणि सपना यांच्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. राखीनं साक्ष दिली. जीप अजून पोलिसांच्या आवारात उभी आहे. पताका काढून टाकल्यावर टपावर नुसती काठी राहिली आहे, आणि ती काय आहे हे कोणालाही दिसतं.

मानोऱ्याच्या आठवडी बाजारात किसनसिंग आता कधी कधी एक पत्र्याचा डबा आणि दोन सेट घेऊन बसतो. डबा एकीकडे ठेवतो, दुसरा सेट लोकांच्या हातात देतो, बटण दाबून बोला म्हणतो. कोण बोलतं, आवाज कुठून निघतो, हवेतून कसा जातो, डब्यातून कसा येतो, हे तो न कंटाळता सांगतो. ती अँटेना आपणच बसवली होती, हेही लपवत नाही. हवेत आवाज जातो यात चमत्कार नाही. कोणाचं दुःख कोणत्या नावानं हाक मारली की उघडतं हे आधी विचारून घेणं, यातही नाही. आपल्या माणसाची आठवण येणं ही अंधश्रद्धा नव्हे. पण त्या आठवणीच्या आड कोण बसून बोलतंय, हे विचारायला घाबरू नका, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

बेबीबाई शेजारी बसलेली असते. ती फारसं बोलत नाही. पण परवा एक बाई डबा कानाशी धरून रडू लागली, तिचा नवरा गेला होता. बेबीबाईनं डबा तिच्या हातातून हळूच काढून घेतला आणि म्हणाली, “आवाज कोणाचा बी येवो बाई. औषध सोड म्हणला, लेकरू सोड म्हणला, तं पयले उठून दार उघडून पाह्य. आत कोण बसेल हाय ते पाह्य.”